पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत नवीन सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायची नवी रचना, सुचवायची आहे. लोक एका चिन्हावरून एवढे का भांडतात? माझी सूचना मान्य होईल का?

बहुतेक होणार नाही. आता भांडणाबद्दल, कारण ते मी दोनदा केलंय. एकदा नवीन सिंटॅक्स हवा म्हणून आणि एकदा नको म्हणून.

2016 ची गोष्ट. डिप्लोमाला सी ही भाषा शिकून आलेला माणूस मी, डू-व्हाइल (आधी काम एकदा करून मग अट तपासणारा लूप) अंगवळणी पडलेलं. पुण्यात नोकरीला लागलो आणि पायथॉन गळ्यात पडलं. एक फाइल रेकॉर्ड-रेकॉर्ड वाचायची होती. पायथॉनमध्ये डू-व्हाइल नाही, म्हणून वाचायची ओळ एकदा लूपच्या वर लिहिली आणि तीच पुन्हा लूपच्या शेवटी. महिन्याभराने एन्कोडिंग बदलायचं आलं. वरची ओळ बदलली, खालची विसरलो. क्लायंटला रिपोर्ट गेला त्यात पहिल्या ग्राहकाचं आडनाव स्वच्छ देवनागरीत, आणि दुसऱ्यापासून शेवटपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. शनिवार-रविवार ऑफिसात गेला.

त्या रागात मी पायथॉनवाल्यांना डू-व्हाइलची लांबलचक सूचना पाठवली. उदाहरणं, तुलना, सगळं. अर्ध्या तासात दोन ओळींचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत लिंक होती, पेप 315 ची (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा रीतसर प्रस्ताव). म्हणजे हीच मागणी 2003 मध्ये रीतसर लिहून झाली होती, दहा वर्षं लोंबकळली आणि 2013 मध्ये नाकारली गेली. मी तिथेच टॅब बंद केला. ज्याला ‘आधी शोधायचं होतंस’ असं चारचौघांत ऐकावं लागलंय त्याला कळेल.

मग 2018 मध्ये पेप 572 आला, तोच तो वॉलरस, := हे चिन्ह. पायथॉनमध्ये = ही किंमत देणारी गोष्ट नाही, ते वेगळं स्टेटमेंट आहे, म्हणून सीसारखं इफच्या कंसात == च्या जागी चुकून = पडलं तर कोड चालतच नाही. ही अडचण नाही, सोय आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली. वॉलरसने तिला एक छोटा दरवाजा पाडला: अटीतच वाचा, नाव द्या आणि तपासा. म्हणजे माझ्याच दुखण्यावर दुसरं औषध. आणि मी त्याच्या विरोधात! चहाच्या टपरीवर तावातावाने ‘रीडॅबिलिटी, रीडॅबिलिटी’ करायचो. खरं कारण एवढंच, की माझं नाकारलं आणि यांचं घेतायत.

तुम्ही विचारलंय ना, चिन्हावरून का भांडतात? कारण प्रत्येक चिन्हाला आधीचे नातेवाईक असतात. := ऐवजी ‘ॲज’ का नको, असं खूप जणांनी विचारलं. वाचायला सुंदरच. पण ‘ॲज’ इम्पोर्ट, एक्सेप्ट आणि विथमध्ये आधीपासून बसलेला. त्यात विथमध्ये डावीकडची वस्तू जशीच्या तशी उजवीकडच्या नावाला मिळत नाही, तिच्या एंटर मेथडने जे परत दिलं ते मिळतं. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी-शेजारी नांदवायचे कसे? अशा गोष्टींवर महिनोन्‌महिने गेले. आणि या वादात मत द्यायला कंपायलर कळावा लागत नाही, हेही आहेच. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा आतला भाग) बदला, चार माणसं बोलतील. एक कोलन हलवा, सगळं गाव जमतं.

शेवटी पेप स्वीकारला गेला आणि 12 जुलै 2018 ला पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी ‘बीडीएफएल’ म्हणजे तहहयात सर्वेसर्वा हे पद सोडलं. एका पेपसाठी इतकं झगडायचं आणि वर इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे पुन्हा नको, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुढे पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल आली. 2019 मध्ये पहिली निवडून आली त्यात गुइडो स्वतःही होते.

माझं दुसरं भांडण 2020 चं. टीममधल्या ज्युनिअर मुलीने पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तपासायला पाठवलेल्या कोडमध्ये, वॉलरस वापरला. नऊ ओळींच्या पाच केल्या होत्या, आणि छान केल्या होत्या. मी अडवली. चाळीसेक कॉमेंट्स झाल्या असतील. तिने सरळ विचारलं, “हे चूक आहे, की तुला आवडत नाही?” मी म्हटलं, सर्व्हरवर पायथॉन 3.6 आहे, वॉलरस 3.8 पासून. हे खरं होतं, कृपया नोंद घ्यावी. डिप्लॉय केलं असतं तर सुरू होण्याआधीच सिंटॅक्स एरर. पुढे सर्व्हर 3.8 वर गेला. तोवर मी टीमच्या नियमांत ‘वॉलरस वापरू नये’ असं घालून ठेवलं होतं. ती नोकरी सोडून गेली. नियम अजून आहे.

तर सूचना मांडायचीच असेल तर: आधी जुने नाकारलेले पेप वाचा, नाहीतर माझ्यासारखी लिंक मिळेल. कल्पना चर्चेला टाका. तुम्ही कोअर डेव्हलपर (पायथॉनच्या मूळ कोडमध्ये बदल करायचा अधिकार असलेले) नसाल तर एखादा कोअर डेव्हलपर प्रायोजक म्हणून मिळवावा लागतो, त्याशिवाय पेप पुढे सरकत नाही. ‘हे शिकवायचं कसं’ हा भाग मनापासून लिहा. नवा कीवर्ड, म्हणजे भाषेने राखून ठेवलेला शब्द, मागू नका, लोकांच्या व्हेरिएबलांची नावं मोडतात. 3.7 मध्ये ‘असिंक’ पूर्ण कीवर्ड झाला तेव्हा भल्याभल्या लायब्रऱ्या मोडल्या होत्या. 3.10 मधला ‘मॅच’ निभावला, कारण तो फक्त ठरावीक जागीच कीवर्ड असतो. आणि ‘ज्याला नको त्याने वापरू नये’ हे वाक्य चुकूनही लिहू नका. दुसऱ्याने वापरलेलं वाचावं मलाच लागतं, तेही रात्री दोनला. हे मी तिलाही सांगितलं होतं, आणि या मुद्द्यावर मी आजही बरोबर आहे.

मी कोअर डेव्हलपर नाही, कौन्सिलमध्ये कुणी ओळखीचं नाही, त्यामुळे शक्यता किती हे विचाराल तर वरचं ‘बहुतेक’ हा माझा अंदाज आहे.

आणि हो, खाली कुणीतरी लिहीलच, की फाइल वाचायच्या लूपसाठी ना डू-व्हाइल लागतं ना वॉलरस, इटर फंक्शनला दोन आर्ग्युमेंट्स द्या, काम झालं. माहीत आहे. 2016 च्या त्या उत्तरातली दुसरी ओळ हीच होती. मी ती 2020 मध्ये वाचली, त्या चाळीस कॉमेंट्समध्ये तिने शोधून चिकटवली तेव्हा.