कंपोस्टचा वास, आरओचं वाया जाणारं पाणी आणि उन्हाळ्यातलं लाइट बिल

प्रश्न : ताई नमस्कार, घरातला कचरा सहा डब्यांत वेगळा करून गाडीत टाकायचं आता अंगवळणी पडलंय, पण मुलगी म्हणते एवढ्याने काय होतंय, म्हणून बाल्कनीत बादलीत कंपोस्ट सुरू केलं तर वास सुटला, वर अळ्या झाल्या, सासूबाई म्हणतात ही घाण आधी बाहेर काढ. ऑनलाइन कंपोस्टचे सेट, काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश असं बरंच काही दिसतं पण सगळं महाग. घ्यावं का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काहीएक घेऊ नका हो. चांगला चालणारा प्लास्टिकचा डबा टाकून काचेची बरणी आणली तर कचऱ्यात एक डबा वाढलाच ना, आहे तो फुटेपर्यंत वापरा.

आता बादली. वास येतोय म्हणजे ओलं जास्त झालंय आणि आत हवा जात नाहीये, बाकी काही बिघडलेलं नाही. भाजीची सालं, चहाचा चोथा, कलिंगडाची सालं यात पाणीच पाणी, वरून सुकं पडलं नाही की ते दबून सडतं. बादलीला बुडाशी आणि बाजूने भोकं पाडा, खाली ताटली ठेवा, तळाला सुकी पानं घाला आणि मग रोज एक ओंजळ ओला कचरा टाकला की त्यावर दोन ओंजळी सुकी पानं नाहीतर फाडलेला पुठ्ठा, आणि चार-पाच दिवसांनी काडीने तळापासून हलवायचं. मधून मधून त्यातलं थोडं मुठीत घेऊन दाबून बघा, तळवा ओलसर झाला पण पाणी ठिबकलं नाही तर प्रमाण जमलंय, ठिबकलं तर अजून पुठ्ठा घाला. उरलेली तेलकट भाजी आणि दूध-दही त्यात नको. अळ्या जाड, करड्या असतील तर त्या एका माशीच्या, चावत नाहीत, उलट कचरा भराभर खाऊन टाकतात, सासूबाईंना हे नक्की सांगा, आणि झाकणाखाली जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बांधा. दोन-तीन महिन्यांत खत होतं.

आणि हे तर आपल्या इंदूरचंच आहे! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज कृषी महाविद्यालय आहे त्याच आवारात, आणि त्यांनी सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर शेतातला काडीकचरा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर लावून, ढीग अधूनमधून उलटून खत करायची रीत बसवली, जी आजही जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तुमच्या बादलीत तेच चाललंय, मला तर ह्या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

तरी नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नका. ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो, फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला तो, दिवसाला 550 टन कचऱ्याची क्षमता आहे, त्यातून सीएनजी बनतो आणि सिटी बस चालतात. फक्त ओल्यात दुधाची पिशवी किंवा शेवेचं पाकीट जाऊ देऊ नका.

मुलीला मात्र सांगा, आता पाण्याकडे बघ. आपल्या नळाला येणारी नर्मदा नदीकाठच्या जलूदहून साधारण 70 किलोमीटरवरून पंप लावून घाट चढवून आणलेली आहे, म्हणजे बादली वाया गेली की वीजही वाया गेली, आणि अंगण पाइपने धुणारी घरं आपल्या कॉलन्यांमध्ये अजून कमी नाहीत.

प्रश्न : आरओमधून केवढं पाणी नालीत जातं, बघवत नाही. मशीन काढूनच टाकू का?
– स्नेहलतागंजचे एक आजोबा

उत्तर : आजोबा, आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या, मीटर स्वस्त मिळतं आणि आरओचा मेकॅनिकसुद्धा मोजून देतो. 500 च्या आत असेल तर आरओची गरज नाही, पण म्हणून नळाचं तसंच पिऊ नका हं, जंतूंसाठी उकळणं किंवा यूव्ही दिव्याचं फिल्टर हवंच. बोरिंगचं पाणी असेल आणि आकडा बराच वर असेल तर आरओ राहू द्या. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुतेक वेळा दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, त्या पाइपखाली बादली ठेवा आणि ते पाणी पोछ्याला, संडासात, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरा. कुंड्यांना रोज नको, त्यात क्षार जास्त असतात, माती खराब होते.

प्रश्न : उन्हाळ्यात लाइट बिल कमी कसं करू?
– एक ताई, राजेंद्र नगर

उत्तर : पंख्यांपासून सुरुवात करा. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. पण चालू पंखा काढून नका टाकू, जो जळेल त्याच्या जागी बीएलडीसी घ्या, आणि सगळ्यात आधी हॉलचा, कारण तो दिवसभर फिरतो.