शिडाच्या नौकेवर छोटा संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शिडाच्या नौकेवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवून त्यावर ओपनसीपीएन ही सागरी दिशादर्शनाची मुक्त प्रणाली चालवण्याचा विचार आहे. त्याने तयार चार्टप्लॉटरची (नकाशावर नौकेचे स्थान दाखवणाऱ्या उपकरणाची) गरज संपेल का, आणि बॅटरीवर किती भार पडेल?

उत्तर : कामाच्या दृष्टीने पाहिले तर बरीचशी संपेल. ओपनसीपीएन एस-५७ या डिजिटल प्रकारचे अधिकृत सागरी नकाशे दाखवते, जीपीएसवरून नौकेचे स्थान त्यावर उमटवते, मार्ग आखू देते, आसपासची जहाजे एआयएसवरून (जहाजे आपले स्थान रेडिओने कळवतात त्या यंत्रणेवरून) दाखवते आणि नांगर सरकू लागला तर इशाराही देते. अडचण येते ती पडद्याची. घरगुती वापराचा पडदा भर उन्हात दिसेनासा होतो, आणि ओल्या बोटांनी स्पर्शपडदा हाताळणे सुकाणूजवळ उभ्या माणसाला फारसे जमत नाही. म्हणून संगणक आत, नकाशाच्या टेबलापाशी ठेवावा आणि वर उघड्यावर जलरोधक प्लॉटर किंवा निदान वायफायने जोडलेला टॅबलेट असावा. कागदी नकाशा आणि वेगळ्या बॅटरीवर चालणारा हातातला जीपीएस मात्र यांपैकी कशामुळेही अनावश्यक ठरत नाही.

भाराचे गणित सोपे आहे. रास्पबेरी पाय ४ सर्वसाधारण कामात सुमारे ५ वॅट घेतो असे धरल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीतून ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधील नुकसान वेगळे. पडदा अनेकदा संगणकापेक्षा जास्त वीज खातो, तेव्हा तो गरजेपुरताच चालू ठेवावा.

खरी काळजी विजेच्या प्रमाणापेक्षा तिच्या दर्जाची करावी लागते. ज्याला आपण १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो, तिचा दाब चार्जिंगच्या वेळी १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि इंजिन सुरू करताना क्षणभर १० व्होल्टच्याही खाली येऊ शकतो. पायला मात्र स्थिर ५ व्होल्ट हवे असतात. दाब साधारण ४.६ व्होल्टखाली गेला की पडद्यावर विजेचे चिन्ह येते. ते चिन्ह दिसले तर आधी यूएसबी केबल बदलून पाहावी, कारण दोष पुष्कळदा बारीक तारेचाच असतो. कन्व्हर्टर चांगल्या प्रतीचा, मोठ्या इनपुट पल्ल्याचा आणि स्वतंत्र फ्यूजमागे असावा. स्वस्त कन्व्हर्टर व्हीएचएफ रेडिओत (नौकेच्या संपर्क-रेडिओत) खरखर निर्माण करतात. रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारे नियंत्रण) पूर्ण उघडून कन्व्हर्टर चालू-बंद करून पाहिला की आवाजातला फरक लगेच कळतो. संकटकाळात रेडिओच कामी येतो, म्हणून ही तपासणी टाळू नये.

अचानक वीज गेल्यास मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. त्यावर उपाय म्हणून यूएसबीने जोडलेली एसएसडी ही साठवण-डिस्क वापरावी किंवा कार्ड केवळ-वाचन स्थितीत ठेवावे, आणि तयार प्रणालीची प्रत असलेले दुसरे कार्ड कोरड्या डबीत ठेवावे.

प्रश्न : आमची खोलीमापक आणि वाऱ्याची जुनी उपकरणे त्याला थेट जोडता येतील का?

उत्तर : थेट जोडू नयेत. जुनी उपकरणे बहुधा एनएमईए ०१८३ या सागरी उपकरणांच्या संदेश-पद्धतीची, ४८०० बॉड (बिट प्रति सेकंद) गतीची असतात आणि त्यांच्या संकेताचा दाब पायच्या पिनांना सोसवत नाही. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मध्ये विद्युतविलगन (दोन्ही बाजूंचा थेट विद्युतसंपर्क तोडणारी सोय) असलेला यूएसबी कन्व्हर्टर घालावा. एनएमईए २००० ही मात्र कॅन बसवर (अनेक उपकरणांच्या सामायिक तारेवर) चालणारी निराळी पद्धत असल्याने तिला वेगळा इंटरफेस लागतो. दोन्हींकडून येणारी माहिती सिग्नल के सर्व्हर ही प्रणाली एकत्र करून टॅबलेटपर्यंत पोहोचवते.

खोलीच्या आकड्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. खोलीमापकाच्या 'डीबीटी' या संदेशात एकच खोली फूट, मीटर आणि फॅदम (सहा फूट) अशा तिन्ही एककांत येते, पण ती ट्रान्सड्यूसरपासून (नौकेच्या तळाशी बसवलेल्या ध्वनि-संवेदकापासून) मोजलेली असते. पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे आणि कीलच्या (नौकेच्या तळाखालच्या पंखासारख्या भागाच्या) टोकापासूनही नव्हे. ट्रान्सड्यूसर ते कीलचे टोक हे अंतर प्रणालीत भरले नाही, तर पडद्यावर दोन मीटर पाणी दिसत असतानाही कील वाळूत रुतलेली असू शकते.

माझ्या मते या संगणकाचे मोल दिशादर्शनापेक्षा देखरेखीत अधिक आहे, कारण रात्रंदिवस न कंटाळता नोंद ठेवणारे दुसरे कोणी नौकेवर नसते. तळातले पाणी उपसणारा पंप दिवसातून किती वेळा चालला, याची ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशाने संकेत पुढे देणाऱ्या विलगन-घटकामार्फत) घेतलेली नोंद गळती वाढत असल्याचे पाणी डोळ्यांना दिसण्यापूर्वीच सांगते. इंजिनाच्या एक्झॉस्टच्या रबरी नळीवर बाहेरून बांधलेला डीएस१८बी२० हा तापमान-संवेदक, थंड करणारे समुद्राचे पाणी अडले तर, इंजिनाच्या तापमानाचा काटा हलण्याआधीच इशारा देऊ शकतो. बीएमई२८० हा संवेदक हवेचा दाब नोंदवतो. त्यात एका आकड्यापेक्षा मागच्या काही तासांचा उतार महत्त्वाचा.

प्रश्न : स्वस्त एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ-ग्राहकावर) एआयएस मिळते असे वाचले. ते पुरेसे आहे का?

उत्तर : ते फक्त ऐकण्यापुरते आहे. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवरील संदेश त्यावर घेता येतात, पण आपली नौका त्यामुळे इतरांच्या पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त ट्रान्सपाँडरच (संदेश प्रक्षेपितही करणारे उपकरण) लागतो. डोंगलला स्वतंत्र अँटेना द्यावी किंवा प्रक्षेपणासाठी योग्य असा एआयएस स्प्लिटर (एकच अँटेना वाटून देणारे उपकरण) वापरावा. रेडिओच्याच अँटेनाला साधा जोड देऊन डोंगल लावल्यास २५ वॅटचे पहिलेच प्रक्षेपण त्याला जाळून टाकील.