खलनायक वेडाच कशाला हवा?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी मी एक मानसशास्त्रीय थरारकथा लिहीत असून तिची पहिली पाने सोबत जोडली आहेत. कोल्हापुरातील एका जुन्या घरातला सुशिक्षित नवरा ‘तुला हल्ली काही आठवत नाही’ असे सांगत बायकोचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू नाहीसा करतो आणि अखेर तिच्या जिवावर उठतो, असे कथानक आहे. पहिल्याच पानावर एखाद्या बाईचा खून हवा आणि नवरा मनोरुग्ण होता हे शेवटी उघड झाले पाहिजे, असे आमच्या वाचक गटाचे म्हणणे आहे. माझे मन दोन्हींना तयार होत नाही. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपले मन तयार होत नाही, हे बरेच आहे. मनोरुग्णाची सूचना तर मुळीच स्वीकारू नये. नवऱ्याला वेडा ठरवले की त्याच्याबरोबर सासू, दीर, शेजारी असे सगळेच एका वाक्यात निर्दोष सुटतात. शिवाय जे खरोखर मानसिक आजाराने त्रस्त आहेत, त्यांच्यावर नाहक बट्टा लागतो तो वेगळाच. बाईला कमी लेखणे हा आजार नव्हे, ते माणूस घरात आणि चारचौघांत शिकतो. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकातला नवराही वेडा नाही, हिशेबी आहे. दागिने शोधण्यासाठी तो वरच्या मजल्यावर दिवा लावतो, त्यामुळे खालचे गॅसचे दिवे मंदावतात आणि बायकोच्या ते लक्षात आले की तो तिलाच भ्रमिष्ट ठरवू पाहतो. ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द तिथूनच आला.

आपल्या कथेत दिव्याची जागा भिंतीवरच्या कॅलेंडरने घेतली आहे आणि ती मला फार आवडली. दुधाच्या रतिबाचा हिशेब ती त्यावर रोज स्वतः लिहिते. एके सकाळी अर्ध्या लिटरच्या जागी एक लिटर लिहिलेले दिसते, अक्षरही तिच्याच वळणाचे. नवरा दारातल्या गवळ्याला म्हणतो, ‘हिचं हल्ली असंच चाललंय बघा,’ आणि गवळी हसतो. मला धडकी भरली ती त्या हसण्याने. पुढच्याच परिच्छेदात आपण नवऱ्याच्या ‘विचित्र बालपणा’ची आठवण घातली आहे, ती मात्र काढून टाकावी, कारण तिच्यामुळे गवळ्याच्या हसण्याकडे वाचकाचे दुर्लक्ष होते.

पहिल्या पानावरच्या खुनाला माझी तत्त्वतः हरकत नाही, पण तो कोणाच्या नजरेने दिसतो, हे पाहावे लागते. प्रेताचे वर्णन करताना पदर किती ढळला होता हे लिहावेसे वाटले, तर तेवढ्यापुरती लेखणी मारणाऱ्याच्या हाती गेली असे समजावे. कासाराकडे बसलेली नायिका ‘एक नंबर मोठ्या भरा’ असे म्हणते आणि तो तिच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहून मुकाट्याने बांगड्या बदलतो, एवढ्या आपल्या दोन ओळींत मारहाण पुरेशी दिसली आहे.

एक चूक मात्र दुरुस्त करावी. ‘अंगावर वळ नसतील तर कायद्यात काही बसत नाही,’ असे आपला वकील म्हणतो. कथा आजची असेल, तर हे चुकीचे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असून त्यात शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही मोडतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कोल्हापूरच्या वकिलाच्या तोंडी तर हे वाक्य अधिकच खटकते, कारण स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१९ सालीच केला होता. वकिलाला अज्ञानीच दाखवायचे असेल, तर कोणीतरी त्याची चूक काढायला हवी. ते काम नायिकेनेच केले तर उत्तम.

शेवट आपण अजून लिहिलेला नाही. तिला वाचवायचे की नाही, हे मी सांगणार नाही. गवळ्याला मात्र एकदा पुन्हा दारात आणावे, आणि त्या वेळी हिशेब तिने त्याला वाचून दाखवावा.