मातीची कासवं: खपली का उडते, पावसाळ्यात का फुटतात, किंमत कशी लावायची

प्रश्न (गुहागर): खाडीकाठच्या मातीची छोटी कासवं करून विजेच्या भट्टीत 950 अंशांवर भाजली. बाहेर काढली तेव्हा एकालाही तडा नव्हता. पंधरा दिवसांनी मात्र पाठीवरून वाटाण्याएवढ्या खपल्या उडू लागल्या. भाजण्यात काही चुकलं का?

उत्तर: भाजणं ठीक आहे, दोष मातीत आहे. खपली उडालेल्या जागी नीट पाहा, खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसेल. तो शिंपल्याचा तुकडा. खाडीच्या मातीत तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्यांच्या कवचांचा चुरा असतोच. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पूर्वी किनाऱ्यावर घरबांधणीसाठी शिंपले भाजून चुना करत, तीच ही क्रिया. भट्टीबाहेर आल्यावर हा चुना हवेतली ओल पितो, विरतो, फुगतो आणि वरची माती उचलून टाकतो.

उपाय एकच, गाळणं. माती कडकडीत वाळवून फोडा, एक भाग मातीला तीन भाग पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा आणि ढवळून 60 नंबरच्या जाळीतून गाळा. तिची भोकं पाव मिलिमीटरची असतात. 80 नंबरची मिळाली तर आणखी चांगलं. पिठासारखा बारीक चुना मातीत राहिला तरी चालतो, खपली उडवतो तो कण. म्हणूनच गाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर ती फसफसली तर लगेच फेकून देऊ नका. फसफस चुना आहे एवढंच सांगते, कण केवढा आहे ते नाही.

गाळल्यावर माती खाली बसू द्या, वरची निवळ ओतून टाका, पुन्हा गोडं पाणी घालून ढवळा. असं दोन-तीनदा केलं की खाडीचं मीठही बरंचसं निघून जातं. ते राहिलं तर वाळताना पृष्ठभागावर येतं आणि भाजल्यावर पांढरट डाग दिसतात.

नव्या मातीची खेप बाजारात नेण्याआधी दोन नग जुन्या इडलीपात्रात तीन-चार तास वाफवून पाहा. खपली उडायची असेल तर बहुतेक तिथेच उडते. शिवाय दोन-तीन आठवडे माल घरात ठेवाच. गिऱ्हाइकाच्या फडताळात खपली उडण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न (पेण): गणपतीच्या कारखान्यात उरलेली शाडू भाजता येईल का?

उत्तर: न वापरलेली कोरी शाडू असेल तर आधी एक पट्टी करून पाहा. ओल्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा, भाजल्यावर मोजा. 9 भरली तर माती दहा टक्के आटते. पट्टी वाकली किंवा भुसभुशीत राहिली तर ती माती भट्टीच्या कामाची नाही. जमिनीवरून झाडून गोळा केलेली शाडू मात्र घेऊ नका. तिच्यात प्लास्टरचे तुकडे असतात आणि तेही शिंपल्यासारखीच खपली उडवतात.

प्रश्न (मालवण): जुलैमध्ये मातीच्या केलेल्या कुर्ल्या (खेकडे) आठ दिवस वाळवल्या, हाताला कोरड्या लागल्या, तरी भट्टीत फुटल्या. नांग्याही सांध्यातून सुटल्या.

उत्तर: पावसाळ्यात माती हवेइतकीच कोरडी होते, त्यापुढे नाही. आत उरलेल्या पाण्याची शंभर अंशांवर वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की वस्तू फुटते. दोष कोंडलेल्या हवेला दिला जातो, पण खरं कारण जाड आणि ओली भिंत. दीड सेंटिमीटरहून जाड अंग असेल तर पोटाकडून कोरून पोकळ करा आणि पोट पुन्हा बुजवणार असाल तर दोन मिलिमीटरचं भोक ठेवा.

वस्तू गालाला लावून पाहा, गार लागली तर ओली आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. दोन दिवस वजन हललं नाही की भट्टीत घाला, पण लगेच तापवू नका. झाकण बोटभर उघडं ठेवून 80 ते 90 अंशांवर सहा-आठ तास राहू द्या. झरोक्यापाशी आरसा धरा. त्यावर दव धरत असेल तर पाणी अजून निघतंय. नंतर 200 पर्यंत तासाला 60 आणि 600 पर्यंत तासाला 100 अंशांनी चढवा. 573 अंशांजवळ मातीतली गारगोटी एकदम प्रसरण पावते, तिथे घाई केली तर तडा जातो. थंड होतानाही तेच, म्हणून भट्टी शंभराच्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

नांग्या सुटतात कारण त्या बारीक म्हणून आधी वाळून आटतात, अंग मागे राहतं. दोन्ही भाग सारखेच ओले असताना जोडा. दोन्हीकडे सुईने ओरखडे काढा, त्याच मातीचं सायीसारखं दाट पाणी लावा, दाबा आणि सांध्याभोवती मातीची बारीक वळी फिरवून बोटाने मुरवा. वाळताना नांग्यांवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून ठेवा. आणि नांगी अधांतरी न ठेवता पाठीला टेकवलीत तर वाळवताना, भाजताना, पार्सलमध्ये, सगळीकडेच वाचते.

प्रश्न (दापोली): ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावलेल्या वस्तूंचे पाय भट्टीच्या फळीला चिकटतात.

उत्तर: टेकणाऱ्या भागाला आणि त्यावर तीन मिलिमीटरपर्यंत मेण लावा, मग ग्लेझमध्ये बुडवा. मेणावर राहिलेले थेंब ओल्या स्पंजने पुसा.

प्रश्न (मंडणगड): वेळासला कासवं बघायला येणाऱ्यांसाठी छोटी कासवं करायची आहेत. रूप कसं असावं आणि किंमत काय लावावी?

उत्तर: ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू करा, तेही खऱ्या मापाचं. कवच सुमारे चार सेंटिमीटर, म्हणजे दहा टक्के आटणाऱ्या मातीत ओलं साडेचार. रंग काळपट राखाडी. हिरवं रंगवलेलं कासव या किनाऱ्याचं वाटत नाही. पाठीच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाचाहून जास्त, बहुधा सहा ते आठ खवले काढा. जाणकार माणूस तेच मोजतो.

किमतीचा हिशोब असा मांडा. समजा 40 नग घातले, 34 चांगले निघाले. माती-ग्लेझ 300 रुपये, वीज 250, बारा तासांची मजुरी 1200, वेष्टन 272, भट्टीची झीज 200, एकूण 2222. याला 34 ने भागा, 40 ने नाही. एक नग 65 रुपयांना पडला. दुकानदार विक्रीच्या 30 टक्के घेत असेल तर 65 वर 30 टक्के चढवून 85 लावू नका, हातात साडेएकोणसाठच येतील. 65 ला 0.7 ने भागा. 93 ला नुसता खर्च निघतो. 120 लावले तर 84 मिळतात, म्हणजे नगामागे 19 रुपये सुटतात. स्वतः टेबल मांडून विकलं तरी किंमत तीच ठेवा, नाहीतर दुकानदार पुढच्या हंगामात माल घेणार नाही.