एकाच डाएटवर भावाचं वजन उतरलं, ह्याचं का नाही?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहतो. मुलगा चौदा वर्षांचा. जावेचा मुलगा त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. सुट्टीत दोघांना एकाच डॉक्टरांकडे नेलं, डाएट चार्ट तोच, संध्याकाळची सायकलही सोबतच. तीन महिन्यांत जावेच्या मुलाचं सहा किलो उतरलं आणि आमच्याचं फक्त दीड, 85.5 वरून 84. फाइलमध्ये उंची आधी 161.5 आणि आता 163 लिहिली आहे. सासूबाई म्हणतात हा बाहेर चोरून खातो, तो रडतो, आणि मला दोघांच्या मध्ये काय बोलावं कळत नाही. आता एक लॅबवाला डीएनए टेस्टचं पॅकेज घ्या म्हणतोय, त्यात कळतं म्हणे की कोणाला कोणतं डाएट लागू पडेल. घ्यावं का? का हे आधी कळायचा दुसरा काही उपाय असतो?
— एक आई

उत्तर : आधी ते चोरून खाण्याचं बाजूला ठेवा. खात असेलही हो, इंदूरात शाळेच्या कोपऱ्यावर कचोरी-समोसे असताना कोणता मुलगा शंभर टक्के चार्ट पाळतो, जावेचा तरी पाळतो का विचारा. पण तसं काही नसलं तरी दोन मुलांत एवढा फरक पडू शकतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जुळ्या भावांच्या 12 जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात 84 दिवस रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या होत्या, सगळं देखरेखीखाली, म्हणजे चोरून खायचा प्रश्नच नाही. 1990 मध्ये ते छापून आलं. तर कोणाचं 4 किलो वाढलं, कोणाचं 13, आणि गंमत म्हणजे जुळ्या-जुळ्यांत वाढ बरीच सारखी. म्हणजे शरीराचा आपला एक स्वभाव असतो आणि तो बराचसा जन्मातूनच येतो.

मग तुम्ही म्हणाल की जन्मातूनच येतो तर डीएनए टेस्टमध्ये दिसायला काय हरकत? लोकांनी शोधलं ना. लठ्ठपणाशी ज्याचं नाव सगळ्यात जास्त जोडलं जातं तो एफटीओ जीन, त्याच्यावर 2016 मध्ये साडेनऊ हजार मोठ्या माणसांचा डेटा एकत्र करून बघितला, तर ज्यांच्यात तो जाडीवाला प्रकार होता त्यांचं वजनही डाएट-व्यायाम-औषधाने बाकीच्यांइतकंच उतरलं. वजन वाढवणारे बारीकसारीक जीन्स ढीगभर आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, त्यातून एका मुलाचं भविष्य निघत नाही. तेव्हा पॅकेजचे पैसे वाचवा.

एक अपवाद मात्र आहे. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आधीच खूप जाड झालं असेल आणि भूक अशी की जेवून उठल्या-उठल्या परत मागतं, तर लेप्टिन किंवा एमसी4आर सारख्या एकाच जीनचा दोष असू शकतो. ती टेस्ट वेगळी, ती डॉक्टर सांगतात. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी लहानपणाचे फोटो काढून एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि थायरॉइडचं विचारणारच कोणीतरी घरात, म्हणून सांगते, हार्मोनमुळे जाड झालेली मुलं सहसा उंचीला मागे पडतात, तुमचा तर भराभर वाढतोय.

औषधांचंही असंच. सेमाग्लुटाइड नावाच्या वजन उतरवायच्या इंजेक्शनची 2022 मध्ये 12 ते 17 वर्षांच्या 201 मुलांवर चाचणी झाली, 68 आठवडे. इंजेक्शनवाल्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, सरासरी 16 टक्के उतरला, भारीच म्हणायचं. पण त्यांच्यातलीही शंभरात सत्तावीसएक मुलं अशी की वजन पाच टक्केही उतरलं नाही, आणि नुसती खोटी सुई घेतलेल्यांत शंभरात अठराजणांचं तेवढं उतरलं. ज्यांना औषध लागू पडलं नाही त्यांना सुरू करायच्या आधीच वेगळं काढता आलं असतं का? वय, सुरुवातीचं वजन, इन्सुलिन, मूड, झोप, आईवडिलांचं वजन, सगळं लावून बघतात संशोधक. थोडेफार इशारे मिळतात, उदास असलेल्या मुलाला जड जातं, लहान वयात सुरू केलं की बरं पडतं वगैरे. पण समोर बसलेल्या एका पोराबद्दल छातीठोक काही सांगता येत नाही.

त्यातल्या त्यात भरवशाचं काय, तर पहिले दोन-तीन महिने. सुरुवातीला ज्यांचा बीएमआय हलतो, वर्षाअखेरही बहुतेक तेच पुढे असतात. लिराग्लुटाइड नावाच्या अशाच एका इंजेक्शनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात तर सरळ लिहिलंय की मुलांमध्ये पूर्ण डोसवर 12 आठवड्यांत बीएमआय एक टक्काही उतरला नाही तर बंद करा.

आता तुमची फाइल घ्या. मी किलो नाही म्हटलं, बीएमआय म्हटलं. 161.5 उंचीला 85.5 किलो म्हणजे बीएमआय 32.8, आणि 163 ला 84 किलो म्हणजे 31.6. साडेतीन टक्के उतरला की! वाढत्या पोराचं वजन नुसतं जागच्या जागी राहिलं तरी बीएमआय खाली येतो, तुमच्याचं तर दीड किलो उतरलंय वरून. पुतण्या सोळाचा, त्याची उंची आता थांबत आली असणार, म्हणून त्याचं सगळं काट्यावर दिसतं. हे सासूबाईंना कागदावर करून दाखवा. फक्त उंची दोन्ही वेळा बूट काढून, एकाच पट्टीवर, दिवसाच्या एकाच वेळी मोजली होती का ते विचारा, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर आखडतो आणि तेवढ्याने हिशोब बिघडतो.

अजून एक, जे मला जरा रागाने सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की खाणं-व्यायामाच्या उपचारात तीन ते बारा महिन्यांत कमीत कमी 26 तास मुलाला आणि घरच्यांना प्रत्यक्ष वेळ द्यायला हवा. आपल्याकडे काय, चार्टची झेरॉक्स आणि महिन्याला दहा मिनिटं. मग पोराला लागू पडलं नाही म्हणायचं! तुमचं चाललंय ते तसंच चालू ठेवा, घरात सगळ्यांनी तेच जेवा, पोह्यांवरची शेव सासूबाईंच्याही ताटात कमीच, आणि अजून तीन महिन्यांनी परत मोजा. तेव्हा बीएमआय अडकला असेल तर डॉक्टरांना विचारायचं की उपाय काय बदलायचा, मुलाला नाही विचारायचं की तू काय खाल्लंस.

प्रश्न : ताई मी 16 वर्षांची, भंवरकुआंला कोचिंग करते, वजन 91. पपांच्या मित्राने मौंजारोचं वजन उतरवायचं इंजेक्शन लावून 12 किलो कमी केलं. मला पण तेवढं होईल का? मेडिकलवाला ओळखीचा आहे.

उत्तर : अंकलचं झालं म्हणून तुझं तेवढंच होईल असं काही नाही, वर वाच. मौंजारो 2025 मध्ये भारतात आलं ते मोठ्यांसाठी, आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून तर अजिबातच नको, मळमळ-उलट्या सुरू झाल्या की तो थोडाच बघणार आहे. शिवाय असली इंजेक्शनं बंद केली की वजन परत चढायला लागतं, लिराग्लुटाइड घेतलेल्या मुलांमध्ये ते दिसलंय, म्हणजे दोन-तीन महिन्यांचा हा खेळ नाही. तुझी पाळी वेळेवर येते का आणि मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसतो का, हे पत्रात नाही. दोन्हीपैकी काही असेल तर मम्मीला घेऊन आधी मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा, आणि परीक्षेमुळे रात्री किती वाजता झोपतेस तेही त्यांना खरं सांग.