जीव राखून ठेवता येत नाही

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. भरतीसाठीचं पळणं तू बंद केलंस, कारण मोठी माय म्हणाली, माणसाला श्वास मोजून मिळतात, पळणाऱ्याचे लवकर सरतात. वर आपल्याच शिवाराचा दाखला दिलास: बोअर जेवढा उपसला तेवढा लवकर आटला, आबांचंही तसंच झालं का सर?

नाही झालं. मी तिथे होतो. सोमवारी त्यांच्या छातीत कळ आली. मंगळवारी केळीची कापणी होती, ट्रक बांधावर उभा, मजूर सांगून ठेवलेले. त्यांनी दुखणं अंगावर काढलं. आणि मी, तीस वर्षं पोरांना हृदयाची आकृती काढायला लावणारा मास्तर, म्हणालो, "एवढी कापणी उरकू द्या, मग जळगावला जाऊन दाखवू." बुधवारची सकाळ त्यांनी पाहिली नाही. ते राबून संपले नाहीत. दुखत असताना कोणी उठून त्यांना गाडीत घातलं नाही, म्हणून गेले. हे तुझ्या आईला मी अजून सांगू शकलेलो नाही.

मोठ्या मायच्या हिशोबाबद्दल बोलतो. दिवसाचे २१,६०० श्वास, म्हणजे मिनिटाला १५. हा आकडा तिच्याही आधीच्या पिढ्यांचा आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण तो नामस्मरणासाठी होता, एकही श्वास वाया जाऊ नये म्हणून. श्वास गाठोड्यात बांधून ठेवा, असं त्यात कुठे आहे? शहाण्यासुरत्यांचीही यात फसगत झाली. १९२८ मध्ये अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी मांडलं की जो भरभर जगतो तो लवकर मरतो, जणू प्राण्याला ठरावीक इंधन देऊनच पाठवलंय. पण उंदराएवढी काही वटवाघळं, उडताना ज्यांचं काळीज भरधाव पळतं, ती तीस वर्षांवर जगतात. उंदीर दोन-तीन वर्षांत जातो. वटवाघळांना जास्त इंधन कोणी दिलं?

हिशोबच हवा तर वही घे. अर्धा तास पळताना ठोके ७२ वरून १५० वर गेले, तर जास्तीचे झाले २,३४०. आता काही महिने नेमाने पळून तुझी बसल्या जागची नाडी मिनिटाला दहाने उतरली, तर उरलेल्या साडेतेवीस तासांत १४,१०० ठोके वाचले. मोठ्या मायच्या तराजूतसुद्धा पळणारीचंच पारडं जड. बोअर उपसून खोल होत नाही, पोटरी मात्र पळून घट्ट होते. एवढा फरक तुला कळू नये? आठवीत शिकवलं होतं गं.

ओसरीत युरियाची गोणी पडली असेल, तिच्याकडे बघ. जिवंत शरीरातले पदार्थ तयार व्हायला एक खास जीवनशक्ती लागते, असं पूर्वी शास्त्रज्ञही मानत होते. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी मूत्रात सापडणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला, आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. म्हणजे जीव ही गाठोड्यात साठवायची वेगळी वस्तू नव्हे. मर्यादा नाही असं मी म्हणत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या हेफ्लिक या शास्त्रज्ञाने दाखवलं की माणसाची साधी पेशी साधारण पन्नास वेळा विभागून थांबते. शेवट आहेच. पण पळायचं टाळून तो लांबत नाही. जीव राखून ठेवता येत नाही.

हे मला कसं कळलं, ते ऐक. सत्तेचाळिसाव्या वर्षी छातीत धडधडलं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, तरी मी धसका घेतला. संध्याकाळचं व्हॉलीबॉल सोडलं. रात्रीची लाइट आली तरी पाणी भरायला जाईना. तुझ्या काकूला श्रावणात मनुदेवीला जायचं होतं, धबधबा बघायचा होता. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. अकरा श्रावण असे घालवले. मग ती गेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि मी राखून ठेवलेला जीव घेऊन ओट्यावर बसलो. काय करायचं होतं त्याचं?

म्हणून आज चौऱ्याहत्तरीत पहाटे पाचला शेतात जातो. मुलगा चिडतो, म्हणतो, बाबा, हट्ट सोडा. मी गोळ्या वेळेवर घेतो, उन्हाच्या आत परततो, मे महिन्यात तर नऊच्या आतच. मग हट्ट कसला? जाईन तेव्हा बांधावर जाईन. त्याला हे पटत नाही. तुला पटावं असं वाटतं, बहुतेक म्हणूनच एवढं लिहितोय.

तुला आठवतं, घड उतरवल्यावर आबा खोड लगेच बुडापासून तोडत नसत? कमरेएवढं उभं ठेवायचे, त्यातला रस खालच्या पिलाला मिळतो म्हणून. केळ एकदाच निसवते, एकदाच घड देते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी बागेला पाणी देताना त्यांचा हात कधी आखडला नाही. त्यांचा तो चिकाने काळा पडलेला सदरा तुझ्या आईने किती धुतला, डाग गेले नाहीत. तो टाकू देऊ नकोस.

अक्षय तृतीयेची आपली आखाजी जवळ आली. यंदा घागर आबांच्या नावाची भरायची आहे, तूही हात लाव. आणि त्याच दिवशी शेजारच्या पोरी लिंबाला झोका बांधतील, तर घरात कोंडून घेऊ नकोस, जा. आपल्याकडे दोन्ही एकाच दिवशी असतं, ते कोणाला वावगं वाटत नाही.

मात्र आधी जळगावला जाऊन ईसीजी काढ, घरातच असं घडलंय तर तपासायलाच हवं. डॉक्टरांना आबांचं सगळं सांग, वयासकट. पळताना छातीत काही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. ट्रक उभा असला तरी.

डॉक्टर हो म्हणाले की कागद घेऊन सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर ये. आठशे मीटर म्हणजे तिथले चार फेरे. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे, नवा सेल घातलाय.

तुझे सर