नव्या फोनवर आधी काय टाकायचं?

भावा, प्ले स्टोअरवर दिसेल ते टाकत सुटू नकोस, जागा आणि बॅटरी दोन्ही जातात.

आधी जीबोर्ड, म्हणजे गुगलचा कीबोर्ड. सेटिंगमधल्या भाषांत मराठी जोड आणि ‘एबीसी’वाली मांडणी निवड. इंग्रजी अक्षरांत बोलल्यासारखं टाइप केलं की देवनागरी उमटते. भाषा बदलायला स्पेसबार दाबून धरायचा.

गगनबावड्याला किंवा आंबा घाटात जायच्या आदल्या रात्री वायफायवर गुगल मॅप्स उघड. वरच्या प्रोफाइल फोटोवर टिचकी मार, ऑफलाइन मॅप्समध्ये जा, चौकट कोल्हापूर, गगनबावडा आणि आंबा घाट आत येतील अशी बसव आणि डाउनलोड कर. रेंज गेली तरी गाडीचा रस्ता दिसतो. ट्रॅफिक आणि पायवाट मात्र विसर.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या किरकोळ खरेदीला यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं छोटं पाकीट बरं: शिल्लक ५००० रुपयांपर्यंत, एका वेळी १०००, पिन नाही. पिनच नसल्यानं स्क्रीनलॉक हवाच. आणि पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर तो ठकवतोय.

करमणुकीला लिचेस. बुद्धिबळ, फुकट, एकही जाहिरात नाही. बाकीच्या गेमांत जाहिरातीच जास्त, खेळ कमी.